घरच्या गेममधील पात्रांची नावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरच्या घरी संगणकावर व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या महाविद्यालयीन मुलांविषयी आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत मध्यंतरी एक लेख आला होता. चित्रे कशी काढावीत, आवाज कोठून मिळवावेत, कोणता संगणक पुरेल, याची त्यात चांगली माहिती होती. पण त्या गेममध्ये वावरणाऱ्या माणसांना नावे कोणती द्यावीत आणि कशी शोधावीत, याविषयी लेखात एक ओळही नव्हती. गेले आठ महिने मी नेमक्या याच कामात गुंतलेलो असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात ३१ वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो. फेरफार, पहाणीपत्रके आणि जन्ममृत्यूच्या नोंदींची कोतवाल बुके हाताळण्यात माझे आयुष्य गेले. बदामसातच्या पलीकडे मी कोणताही खेळ खेळलेलो नाही. तरीही पुतण्याने नावांसाठी मला धरले, आणि हे काम वाटले तितके किरकोळ नाही हे पहिल्याच संध्याकाळी माझ्या ध्यानात आले.

पुतण्याचा गेम साताऱ्याच्या वेढ्यावर आहे. औरंगजेबाने डिसेंबर १६९९ मध्ये साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घातला आणि किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी एप्रिल १७०० पर्यंत किल्ला लढवला. त्याच मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. मोगलांनी तटाखाली सुरुंग उडवले, तेव्हा तटाचा एक भाग बाहेरच्या अंगाला कोसळून त्यांचीच माणसे गाडली गेली. पायथ्याच्या वाडीतील एक पोर रात्री चोरवाटेने गडावर दाणागोटा आणि खलिते पोहोचवते, वाटेत त्याला निरनिराळी माणसे भेटतात, काही साथ देतात, काही फितूर निघतात, असा हा खेळ आहे. चित्रे पुतण्याने स्वतः काढली असून ती खरोखरच सुरेख आहेत. तटाच्या दगडांवरचे शेवाळसुद्धा ओळखू येते. आणि त्या शेवाळलेल्या तटाखाली उभे राहून प्रयागजी प्रभू त्या पोराला म्हणत होते, ‘शाबास, आर्यन!’

आर्यन, त्याची मैत्रीण कियारा, लोहार विक्रांत आणि मोगलांचा सरदार शैतानखान अशी मंडळी पहिल्या यादीत होती. ‘ही नावे कोठून आणलीस?’ असे विचारले तेव्हा पुतण्या म्हणाला, ‘काका, ऐकायला भारी वाटतात.’ यात त्याची चूक काढण्यात अर्थ नाही, कारण त्याच्या वर्गात आर्यन नावाची तीन मुले आहेत आणि आपण सगळेच आपल्या भोवतालची नावे उचलतो. परंतु ‘प्रयागजी’ आणि ‘आर्यन’ ही दोन नावे एकाच चौकटीत आली की त्यांतील एक खोटे पडते, आणि प्रयागजी तर इतिहासात बसलेले असल्यामुळे खोटे पडते ते दुसरे. माझे म्हणणे एवढेच आहे की पात्राचे नाव कानाला कसे लागते हे शेवटी पाहावे. आधी ते नाव त्या गावात, त्या काळात, त्या घरात कोणी ठेवले असते का आणि त्या माणसाला कोण कोणत्या नात्याने हाक मारील, हे पाहावे.

शैतानखानाचा निकाल आम्ही सर्वांत आधी लावला. मोगल सरदारांची जी नावे आपण इतिहासात वाचतो, त्यांतील बहुतेक त्यांची जन्मनावे नसून बादशहाने दिलेले किताब आहेत. साताऱ्याच्या वेढ्यात तोफखान्यावर असलेला तर्बियतखान हा त्यांतलाच, आणि तर्बियत म्हणजे शिकवण, शिस्त. कोणताही बादशहा आपल्या चाकराला ‘शैतान’ असा किताब देणार नाही, हे पुतण्याला लगेच पटले. शत्रूचे नाव हास्यास्पद केले की शत्रूच हास्यास्पद होतो आणि साडेचार महिने किल्ला लढवणाऱ्यांचे श्रम फुकट जातात, हे मात्र त्याला पटवायला दोन दिवस लागले. शिवाय समोरच्या सैन्यात रजपूतही होते आणि मराठेही होते, त्यामुळे नावावरून ‘आपला’ आणि ‘परका’ ओळखण्याची सोय खेळणाऱ्याला मिळू नये, हे खेळाच्या दृष्टीनेही बरेच आहे. गेममधला फितूर नावावरून आधीच ओळखू आला तर पुढे खेळायचे काय?

नायकाचे नाव आम्ही धोंड्या ठेवले. आधीची मुले दगावलेली असली की पुढच्याला दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरू अशी नावे ठेवण्याची आपल्याकडे चाल होती, आणि अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात, जन्मलेल्यालाही हे नाव मिळे. नाव उच्चारताच त्या पोराच्या आईची अर्धी कहाणी सांगून होते; त्यासाठी वेगळा प्रसंग रचावा लागत नाही. पुतण्याला प्रथम हे नाव गावंढळ वाटले. मग मी त्याला आमच्या जुन्या नोंदींतला एक प्रकार सांगितला, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली तीच सर्वांत कामाची गोष्ट ठरली. आपल्याकडे माणसाचे नाव आयुष्यभर एकसारखे राहत नाही. वाडीत जो धोंड्या असतो, तो चार पैसे मिळवू लागला की धोंडू होतो, लग्न होऊन घरचा कर्ता झाला की धोंडिबा होतो, आणि चाकरीत नाव काढले तर धोंडजी होऊन त्याच्यामागे हुद्दाही लागतो. त्या काळच्या पायदळात पाईक, नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी अशी चढती माळ होती, ती तर तयारच होती. गेममध्ये खेळाडू वरच्या पायरीवर गेला की त्याच्या डोक्यावर तारे किंवा आकडे दाखवण्याची रीत आहे म्हणे. आमच्या गेममध्ये तारे नाहीत, केवळ हाक बदलते. तिसऱ्या टप्प्यात पहारेकरी पहिल्यांदा ‘धोंडिबा, पुढं या’ असे म्हणतो, तेव्हा आपण पायरी चढलो हे खेळणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. त्याच वेळी त्याची आई मात्र अखेरपर्यंत ‘धोंड्या’च म्हणते, आणि किल्ल्याचा सबनीस त्याला कामापुरते ‘अरे ए’ म्हणतो.

नायकाच्या मैत्रिणीचे नाव गोदा ठरले. घाटावरच्या मुलींना नद्यांची नावे देण्याची चाल जुनी आहे. गोदा, भीमा, गंगा, यमुना, भागीरथी ही नावे माझ्या नोंदवह्यांत पानापानावर सापडत. बायकांच्या बाबतीत एक अडचण मात्र आहे. जुन्या कागदांत पुरुष ‘अमुक बिन तमुक’ असा बापाच्या नावाने येतो, तर बाई ‘अमुक कोम तमुक’ अशी नवऱ्याच्या नावाने येते, आणि पुष्कळदा तर तिचे स्वतःचे नाव लिहिण्याचीही कोणाला गरज वाटलेली नसते. गेम हा काही सरकारी कागद नव्हे, म्हणून आम्ही गोदेला कोणाची ‘कोम’ केली नाही.

याच ओघात घडलेला एक प्रसंग सांगणे आवश्यक वाटते. मी दिलेल्या नावांच्या यादीतून पुतण्याने ‘नकुशी’ हे नाव उचलून एका विनोदी पात्राला दिले होते. सारखी अडखळून पडणारी, सगळ्यांच्या मध्ये येणारी अशी एक मुलगी त्याने चितारली होती. त्याला तो शब्द नुसता मजेदार वाटला होता. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली म्हणून ‘नको असलेली’ या अर्थाने हे नाव ठेवले जाते, हे त्याला ठाऊकच नव्हते, आणि आपल्याच सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबरात अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावे देण्यात आली होती, हेही ठाऊक नव्हते. त्याने काही न बोलता ते पात्र उघडले आणि नाव पुसले. आता त्या मुलीचे नाव बकुळा आहे, ती अडखळत नाही, आणि चोरवाट तिलाच माहीत आहे.

आडनावांबाबत मात्र मी कडक राहिलो. धान्य दडवून ठेवणाऱ्या सावकाराला पुतण्याने आमच्याच आळीतील एका घराण्याचे आडनाव दिले होते, तेही कोणताही हेतू मनात न ठेवता, कानावरचे म्हणून. आपल्याकडे आडनाव ऐकले की माणसाची जात, गाव आणि कधी कधी पक्षसुद्धा ताडला जातो. मग फितुराला एक आडनाव आणि शूराला दुसरे दिले की गेम बाजूला राहतो आणि वेगळाच वेढा सुरू होतो. त्या काळच्या कागदांत माणूस पुष्कळदा नाव, बापाचे नाव, हुद्दा आणि गाव एवढ्यांवरच ओळखला जातो, तेव्हा आडनावांशिवाय भागवणे हे इतिहासालाही धरून होते. हवालदार, सबनीस, सरनोबत, कारखानीस हे गडावरचे हुद्देच आम्ही पात्रांची ओळख म्हणून वापरले. यांतील काही पुढे आडनावे झाली आहेत याची मला कल्पना आहे, पण गडावर उभ्या असलेल्या कारखानिसाला कारखानीस म्हटल्याबद्दल कोणी रागावेल असे वाटत नाही.

नावे ठरली तरी ती पडद्यावर नीट उमटतील याची हमी नसते. गेम बनवण्याच्या काही साधनांत देवनागरीची जोडाक्षरे तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्याच अंगाला जाऊन बसते. पुतण्या वापरतो त्या गोडो नावाच्या साधनात २०२३ च्या चौथ्या आवृत्तीपासून हा दोष दूर झाला, एवढे मला त्याच्याकडून समजले. पण अक्षरे मोजण्याचा घोळ राहिलाच होता. नाव चौकटीत मावावे म्हणून त्याने आठ अक्षरांची मर्यादा घातली होती. नदीपलीकडून माणसे उतरवणारी एक म्हातारी गेममध्ये आहे, तिला मी कृष्णाबाई हे नाव दिले, कारण वाईच्या घाटांवर कृष्णा नदीलाच कृष्णाबाई म्हणतात आणि तिचा उत्सव होतो. आपल्या हिशेबाने कृष्णाबाई हे चार अक्षरी नाव आहे. संगणकाच्या हिशेबाने ते नऊ अक्षरी निघाले: क, त्याखालचा ऋकार, ष, पाय मोडल्याची खूण, ण, काना, ब, काना आणि ई. संगणकाने नववे चिन्ह छाटले, आणि नऊवारी नेसलेल्या त्या म्हातारीच्या डोक्यावर ‘कृष्णाबा’ असे पुरुषाचे नाव झळकू लागले. आमच्या घरात त्या रात्री जेवणे उशिरा झाली. जागेअभावी नावे कापण्याची पाळी परदेशातील मोठ्या मंडळींवरही आली होती. १९८७ च्या ‘फायनल फँटसी’त खेळाडूला आपल्या पात्राचे नाव चारच अक्षरांत बसवावे लागे. पण त्यांच्या चार अक्षरांत काना-मात्रा धरलेल्या नव्हत्या.

त्याहून मोठी पंचाईत व्याकरणाची झाली. इंग्रजी गेममध्ये नाव जसेच्या तसे वाक्यात टाकले की काम भागते, पण मराठीत नावाला विभक्ती लागते, आणि विभक्ती लागण्याआधी नावाचे रूप बदलते. पुतण्याने नावापुढे थेट ‘ने’ जोडला होता. त्यामुळे ‘धोंड्याने दार उघडले’ हे ठीक झाले, पण ‘गोदाने’ आणि ‘लोहारने’ असेही झाले. आमच्या पिढीच्या तोंडी ते ‘गोदेने’ आणि ‘लोहाराने’ असे येते. किल्लेदारांच्या बाबतीत तर ‘प्रयागजीने हुकूम दिला’ असे उमटले, जे ‘प्रयागजींनी’ असायला हवे. क्रियापदाचेही तसेच: गोदा आली, धोंड्या आला, किल्लेदार आले. आजकालच्या नावांचे सामान्यरूप आपण करत नाही, ‘महेशाने’ न म्हणता ‘महेशने’ म्हणतो, हे खरे आहे. पण सतराव्या शतकातील माणसांच्या तोंडी तो लकब घालणे म्हणजे आर्यनला मागच्या दाराने आत घेण्यासारखेच आहे. अखेर त्याने प्रत्येक पात्रासाठी पाच रकान्यांचा एक तक्ता केला: नाव, सामान्यरूप, लिंग, मान द्यायचा की नाही, आणि हाक. हाकेचा रकाना मी भरला. गोदेला ‘गोदे’, कृष्णाबाईंना ‘आजी’, लोहाराला ‘लोहारदादा’, आणि सावकाराला तोंडावर ‘शेटजी’, पाठीमागे वेगळे.

लहान पडद्यावर दोन नावे एकमेकांसारखी दिसू नयेत हेही पाहावे लागते. सखा आणि सखू या भावंडांची नावे आम्ही याच कारणासाठी बदलली. रखमा हे नाव तर मला फार आवडत असूनही सोडावे लागले, कारण पुतण्याच्या टंकात ‘ख’ची दोन अंगे सुटी पडून ते ‘ररवमा’ असे वाचले जात होते.

नावांचा इतका विचार गेमसारख्या गोष्टीसाठी कशाला, असे कोणी म्हणेल, म्हणून पुतण्यानेच मला सांगितलेली एक-दोन उदाहरणे देतो. जगभर ठाऊक असलेला मारिओ १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये आला तेव्हा त्याला नुसते ‘जंपमॅन’, म्हणजे उड्या मारणारा, असे म्हणत. पुढे तो गेम काढणाऱ्या निन्टेंडो कंपनीच्या अमेरिकेतील गोदामाचे मालक मारिओ सेगाले यांच्यावरून त्याला माणसाचे नाव मिळाले. १९८० च्या ‘पॅक-मॅन’मधील चार भुतांची मूळ जपानी नावे तर त्यांच्या वागण्यावरूनच ठेवलेली आहेत: एक पाठलाग करणारा, एक दबा धरून बसणारा, एक लहरी, आणि चौथा वेड पांघरून पेडगावला जाणारा. खेळणाऱ्याने नावावर लक्ष ठेवले तर कोणते भूत कसे अंगावर येईल याचा अंदाज त्याला बांधता येतो. पुण्याच्या कंपनीने २०२० मध्ये जो ‘राजी’ नावाचा गेम बाजारात आणला, त्यातील भावाबहिणीची नावे गोलू आणि राजी अशी आहेत. देवदानवांची कथा असूनही त्यांनी मुलांना घरात हाक मारण्याजोगी नावे दिली, हे मला फार शहाणपणाचे वाटले.

ज्यांचा गेम साताऱ्यात घडत नाही, त्यांना आमची यादी उपयोगी पडणार नाही, आणि पडूही नये. खानदेशात त्यांना उखा, झिपरू, दगा भेटतील. कोल्हापूरकडच्या जैन शेतकऱ्यांत बाबगोंडा आणि जिनगोंडा भेटतील. धनगरांच्या वाड्यावर बिरू आणि धुळा असतील. डहाणूकडच्या वारली पाड्यात वारावरून ठेवलेले सोमा, मंगळ्या, बुध्या असतील. आणि मालवणात आपला बाबल्या ‘बाबलो’ होऊन येईल. यांतील बरीच नावे आता नव्या पाळण्यांत ठेवली जात नाहीत, त्यामुळे ती मिळवायची तर घरातल्या सत्तरीपुढच्या माणसांकडेच जावे लागते. माझ्या पुतण्याची आजी, म्हणजे माझी आई, ८८ वर्षांची आहे. तिने एका दुपारी तांदूळ निवडता निवडता तिच्या माहेरच्या आळीतील ४३ नावे सांगितली, आणि प्रत्येक नावासरशी तो माणूस कसा चालत असे तेही करून दाखवले. पुतण्याने त्यातल्या दोन चाली गेममध्ये घेतल्या आहेत.

एक नाव मात्र अद्याप अडले आहे. धोंड्याबरोबर एक कुत्रा असतो, ज्याचे नाव पहिल्या यादीत रॉकी होते. मी ‘खंड्या’ सुचवले, कारण छत्रपती शाहू महाराजांचा खंड्या नावाचा कुत्रा प्रसिद्ध आहे आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्याची समाधीही आहे. त्यावर पुतण्या म्हणाला, ‘काका, १७०० साली शाहू महाराज औरंगजेबाच्या कैदेत होते. तुम्हीच मला आर्यनवरून बोललात ना?’ कुत्र्याचे नाव महाराजांच्या आधीही कोणी ठेवले असेल, असा बचाव मी केला. त्यावर त्याने, खेळणाऱ्यांना खंड्या म्हणजे नदीकाठचा पक्षी वाटेल, अशी दुसरी हरकत काढली. तूर्त कुत्र्याला नाव नाही. धोंड्या ‘यू, यू’ करतो आणि तो येतो. तक्त्यातले त्याचे पहिले चार रकाने रिकामे आहेत.

आपला,
एक निवृत्त अभिलेखपाल, वाई